बोटं काळी पाचवर

जुनं नाटक पुन्हा काढायचं कुणाच्या डोक्यात आलं की पहिला फोन मला येतो. मी सुदर्शन. नोकरी पाटबंधारे खात्यात केली आणि उरलेलं आयुष्य हौशी नाटकांच्या विंगेत, हातात संहिता धरून काढलं. प्रॉम्प्टर होतो. जुन्या संहिता माझ्या कपाटात आहेत, एवढीच आता माझी किंमत. लोक येतात, झेरॉक्स काढून उद्या आणून देतो म्हणतात, आणि तो उद्या काही येत नाही. त्यामुळं गेल्या वर्षी मंदारचा फोन आला तेव्हा मी 'हॅलो'सुद्धा वैतागूनच म्हटलं.

मंदार म्हणजे आमच्या श्रीधरचा मुलगा. श्रीधरनं एक्क्याण्णव साली 'वेशीवरची मैना' या सिनेमाचं संगीत नाटक केलं होतं. सिनेमा तुफान चालला होता. जे लोक पडद्यासमोर चारदा रडले ते रंगमंचासमोर पाचव्यांदा रडतील, असा श्रीधरचा हिशेब, आणि तो बरोबर निघाला. एकशे बारा प्रयोग झाले. सिल्लोडला कापसाच्या जिनिंगच्या आवारात झाले, लासूर स्टेशनला मार्केटच्या ओट्यावर झाले, आमच्या शहरातल्या छावणीत पाऊस चालू असताना पत्र्याखाली झाले. सिनेमात नाचणारी एक आणि गाणारी दुसरी होती. आमच्याकडं दोन्ही कामं श्रीधरची बायको करायची, शैलावहिनी.

आता श्रीधर नाही. सहा वर्षं झाली. मंदार लग्नाचे आणि कंपन्यांचे कार्यक्रम करतो, आणि त्याला वडिलांचं नाटक पुन्हा करायचं होतं.

"काका, संहिता तुमच्याकडं आहे ना? आणि नूरकाकांनाही घेऊन या. चाली त्यांनाच येतात."

खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. सिनेमावरून काढलेलं नाटक म्हणजे आधीच कुणाच्या तरी ताटातलं उचललेलं. ते एकदा केलं, तरुणपणी केलं, ठीक आहे. तीस वर्षांनी तेच पुन्हा वाढायचं कशाला? सिनेमा मोबाइलवर फुकट दिसतो. पण नाटकातला आमचा पेटीवाला नूरमोहम्मद, त्याला निरोप देणं भाग होतं, म्हणून मी छावणीच्या बाजारात गेलो.

नूरमोहम्मदचं तिथं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे फळी उघडते म्हणून दुकान म्हणायचं. पूर्वी बँडवाले, भजनी मंडळं, कव्वाल, शाळेतल्या गाण्याच्या बाई, सगळे तिथं यायचे. आता बँडवाले कीबोर्ड वाजवतात आणि भजनी मंडळाची पेटी दहा वर्षांत एकदा बिघडते. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. पेटीतली पितळी पट्टी काढून ओठांशी धरतो, फुंकतो, आणि ती कुठं बेसूर आहे ते सांगतो. कानाचा इतका तिखट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि जिभेचा इतका मऊ पण नाही. गाणाऱ्याला 'बेसुरा आहेस' हे त्यानं जन्मात कुणाला सांगितलं नसेल. एखादा अगदीच भुईसपाट झाला तर म्हणायचा, "आज हवा जरा दमट होती."

त्याची बायको, अमिनाभाभी, त्याला त्यावरून बोलायच्या. "इनकू सच बोलने कू शरम आती," असं मला हसत सांगायच्या. मला तेव्हा ती गंमत वाटायची.

निरोप ऐकून तो समोरची पेटी पुसत राहिला. मला वाटलं, आनंद झालाय.

मंदारच्या घरी आम्ही चौघं बसलो. मंदार, त्याची बायको मनस्विनी, मी आणि नूरमोहम्मद. मनस्विनी चांगली गाते, मैनेचं काम तीच करणार होती. शैलावहिनी आत होत्या. मंदारनं विचारलं, "काका, खरं सांगा, हे नाटक पुन्हा करावं का?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, "करू नये. त्यात आपलं काय होतं? गोष्ट सिनेमाची, चाली सिनेमाच्या, कपडेसुद्धा सिनेमा बघून शिवलेले. तुझ्या बापाला हौस होती म्हणून केलं. लोक सिनेमा आठवायला आले. आताही त्यालाच येतील, आणि म्हणतील, सिनेमाच बरा होता."

"पण लोकांना तेच पाहिजे काका. त्या गाण्यावर रोज कितीतरी रील येतात."

"मग रीलच बघू दे त्यांना."

मंदारनं नूरमोहम्मदकडं पाहिलं. नूरमोहम्मद चहाच्या कपात बघत म्हणाला, "तुझ्या अब्बांची चीज आहे बेटा. करायची तर कर. फक्त आपल्या ताकदीनं कर." मंदारला ते होकारासारखं ऐकू आलं. मलाही.

मग मंदारनं खरी गोष्ट काढली. पहिल्या प्रयोगात शेवटचं दिव्याचं गाणं मनस्विनी नाही, स्वतः शैलावहिनी गाणार. मागं सिनेमाचाच मूळ ट्रॅक लावायचा, नुसत्या वाद्यांचा. आई त्याच पट्टीत गायची, मग अडचण काय? आणि त्यानं मोबाइलवर पोस्टर दाखवलं. त्यावर लिहिलं होतं: 'मूळ मैना, मूळ पट्टीत'.

ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीवरची जी पट्टी 'सा' धरून गायचं तिचं नाव तेवढं लक्षात ठेवायचं असतं. सिनेमातलं दिव्याचं गाणं होतं काळी पाचमध्ये. उंच पट्टी आहे, चांगल्या चांगल्या बायकांचा तिथं घाम निघतो. शैलावहिनी उघड्या मैदानावर, धुळीत, एकशे बारा वेळा त्याच पट्टीत गायल्या, ही आमच्या मंडळाची सगळ्यात मोठी फुशारकी होती. स्थानिक पेपरात त्यांची मुलाखत आली होती तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सिनेमातली बाई बंद खोलीत गायली, मी वाऱ्यात गायले. पट्टी एकच." श्रीधरनं ते कात्रण फ्रेम करून लावलं होतं.

तेवढ्यात शैलावहिनी बाहेर आल्या. सहासष्ट वर्षांच्या आहेत, पण ताठ चालतात. मुलाच्या हातातलं पोस्टर बघून त्यांचा चेहरा जरा उतरल्यासारखा झाला. "मी नाही म्हणत होते," त्या मला म्हणाल्या. "पण याला नाही म्हणवत नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा असा हसतोय तो."

नूरमोहम्मद हळूच म्हणाला, "मंदार, ट्रॅक दोन घरं खाली घेता येतो ना? मशिनवर?"

मंदार काही बोलायच्या आत वहिनीच बोलल्या. "नको, नूरभाई. माझ्यासाठी खाली नका आणू. तेव्हा गायले तशी गाईन, नाहीतर गाणारच नाही. लोकांना काय, म्हातारी झाली म्हणून उतरवलं असं सांगायचं?"

विषय तिथंच संपला. रिक्षात बसल्यावर नूरमोहम्मदनं माझा हात धरला.

"सुदर्शनभाऊ," तो म्हणाला, "पहिले तीन प्रयोग सोडले तर वहिनी काळी पाचमधी गायल्याच नाय."

मला वाटलं, वयामुळं गोंधळतोय. मी म्हटलं, "अरे, मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझी बोटं काळी पाचवर असायची."

"बोटं होती. आवाज नव्हता."

छावणीपर्यंत रिक्षात आणि मग दुकानाच्या फळीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. त्याच्याकडं स्केल चेंजर पेटी होती, अजून आहे. त्या पेटीच्या पट्ट्यांचा अख्खा पाट डावी-उजवीकडं सरकतो. पाट दोन घरं सरकवला की वाजवणाऱ्याची बोटं असतात काळी पाचवर आणि सूर निघतो खालच्या काळी चारचा. चौथा प्रयोग सिल्लोडला होता. जिनिंगच्या आवारात कापसाचा बुरा उडत होता, वहिनींचा गळा धरला होता. आदल्या तिन्ही प्रयोगांत दिव्याच्या गाण्यात वरचा सूर जेमतेम लागला होता. नूरमोहम्मदनं त्या दिवशी अंधारात पाट दोन घरं सरकवला. तबल्याला बन्सी होता, त्याला डोळ्यानं खुणावलं, त्यानं खालच्या सुराला उतरवलेला दुसरा तबला पुढं ओढला. वहिनी अशा गायल्या की लोकांनी दोनदा वन्समोर घेतला.

"खाली आल्या तर डोळे भरले होते त्यांचे. म्हणल्या, नूरभाई, आज काळी पाच सापडली मला. आता सांग, मी काय बोलू? बोललो, माशाल्ला. दुसऱ्या प्रयोगाला वर न्यायची म्हटलं तर तो चेहरा डोळ्यांपुढं आला. मग ऱ्हाऊ दिलं. एकशे आठ प्रयोग ऱ्हाऊ दिलं."

एखाद्या दिवशी वहिनी फारच थकलेल्या असल्या तर तो आणखी एक घर खाली न्यायचा. दिव्याच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये मैनेचे चार संवाद होते. मी ते संवाद सांगायला विंगेत उभा असायचो, आणि माझ्यासमोर सहा हातांवर हा माणूस पाट सरकवायचा, बन्सी तबला बदलायचा. मला कधी कळलं नाही. मी शब्द बघत होतो. श्रीधरलाही कळलं नाही, त्याला सूर आणि शिट्टी यांतला फरक बेताचाच कळायचा. बन्सी गेला. आता हे एकट्या नूरमोहम्मदला माहीत होतं, आणि त्या रात्रीपासून मला.

मला राग आला. इतकी वर्षं मी त्या फुशारकीवर लोकांशी भांडलो होतो. पण राग काढायला माझ्यात त्राण नव्हतं आणि त्याच्यात ऐकायला. मी एवढंच म्हटलं, "आता सांगावं लागेल. नाहीतर भरल्या रंगमंदिरात फजिती होईल त्यांची."

"व्हय," तो म्हणाला. "लई उशीर केला मी."

दोन दिवसांनी दुपारी आम्ही पेटी रिक्षात घालून वहिनींच्या घरी गेलो. मंदार आणि मनस्विनी कामावर होते. वहिनींनी आमच्यासाठी थालीपीठ लावलं. नूरमोहम्मदनं तुकडाही मोडला नाही. त्यानं सतरंजीवर पेटी ठेवली, झाकण काढलं आणि म्हणाला, "वहिनी, एक गुन्हा कबूल करायचाय."

त्यानं त्यांना पाट सरकवून दाखवला. बोट काळी पाचवर ठेवलं, सूर दिला. "ही खरी काळी पाच." मग पाट सरकवला, बोट तिथंच. "आणि हे तुम्ही गायलेलं."

शैलावहिनी पेटीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा एकदा करा." त्यानं केलं. "सगळे प्रयोग?"

"पहिले तीन सोडून."

मग वहिनींनी मला विचारलं, "सुदर्शनभावजी, मी गाणं का सोडलं, ठाऊक आहे तुम्हाला?"

मी म्हटलं, "मंदारच्या दहावीसाठी."

"ते मी सांगायचे." त्या पदराचा काठ बोटात गुंडाळत होत्या. "अठ्ठ्याण्णव साली जालन्याला गणपतीत एका मंडळानं मला बोलावलं होतं. एकच गाणं, दिव्याचं. त्या वर्षी अमिनाभाभींचं ऑपरेशन होतं, नूरभाई येऊ शकले नाहीत. तिथला पेटीवाला म्हणाला, बाई, पट्टी? मी थाटात सांगितलं, काळी पाच, सिनेमाचीच. त्यानं दिली. मी सुरुवात केली आणि मला पहिल्या ओळीतच कळलं की काहीतरी झालंय. वर गेले आणि आवाज फाटला. पुढं बसलेली पोरं हसली. मी तसंच पुढं गेले, पुन्हा फाटला. मग मी खाली उतरले."

नूरमोहम्मदनं मान खाली घातली.

"मला वाटलं, गळाच गेला माझा. एका रात्रीत. डॉक्टरकडं गेले, ते म्हणाले, गळ्याला काही नाही. मग मी घरी सिनेमाची कॅसेट लावून तिच्याबरोबर गाऊन बघायचे, हे बाहेर गेले की. रोज फाटायचा. पाच-सहा महिने बघितलं आणि सोडून दिलं. यांना सांगितलं, मुलाची दहावी आहे." त्या थांबल्या. "सत्तावीस वर्षं मी देवापुढची आरतीसुद्धा मनात म्हटली, नूरभाई. आवाज बाहेर काढायची लाज वाटायची."

"वहिनी," नूरमोहम्मद म्हणाला, "मला वाटलं, तुमचं मन मोडंल. मला नाय वाटलं..."

वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्यासुद्धा नाहीत. फार दमल्यासारख्या दिसल्या. "तुम्ही मला सांगितलं असतंत ना," त्या म्हणाल्या, "तर त्या जालन्याच्या माणसाला मी काळी चार म्हटलं असतं. एवढंच होतं हो ते. दोन शब्द होते."

थालीपीठ ताटात गार झालं होतं. मला त्या क्षणी श्रीधरचा, सिनेमाचा, त्या सगळ्या कौतुकाच्या वन्समोरचा वीट आला. ज्या नाटकात आपलं काहीच नव्हतं असं मी सांगत फिरत होतो, त्यात एक गोष्ट पूर्णपणे आमची होती. ती ही.

मला वाटलं होतं, वहिनी आता गाणारच नाहीत. पण त्यांनी मंदारला संध्याकाळी सांगितलं, ट्रॅक नको, फक्त नूरभाईंची पेटी, आणि काळी चार. मंदारनं विचारलं, का? त्या म्हणाल्या, "माझी पट्टी तीच आहे म्हणून." पोस्टरं छापून झाली होती, ती तशीच लागली. क्रांती चौकातलं एक तर प्रयोगानंतर दोन महिने उतरलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी रंगमंदिर भरलं. मनस्विनी छान गायली. लोक सिनेमातल्या ओळी तिच्या आधी म्हणत होते, मोबाइल वर धरून. मी विंगेत होतो आणि मला कुणीही एक शब्द विचारला नाही, सगळ्यांना सगळं पाठ होतं. शेवटी दिवे मंद झाले, एक खुर्ची आली आणि शैलावहिनी आल्या. बाजूला चौरंगावर नूरमोहम्मद पेटी घेऊन बसला. पूर्वी तो खाली, विंगेच्या बाजूला अंधारात बसायचा, लोकांना दिसायचा नाही. या वेळी पाट जिथल्या तिथं होता आणि बोटं काळी चारवर होती. सगळं उघड.

पहिलं कडवं त्यांनी जपून म्हटलं. आवाज बारीक होता, कापत होता, पण सूर सुटला नाही. मला वाटलं, जमतंय. मग संवाद आले. वहिनींना दम लागला होता, तिसऱ्या वाक्याला त्या थांबल्या आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. वरचा सूर पुढच्या कडव्यात होता, आणि तो लागणार नाही हे मला दिसलं, मग त्याला तर दिसलंच असणार. मी बघत होतो. नूरमोहम्मदचा डावा हात भात्यावरून सुटला आणि पाटाच्या मुठीकडं गेला. त्यानं तसं ठरवलं नसणार. हातच गेला.

शैलावहिनींनी मान वळवली नाही. माइकपासून तोंड जरासं बाजूला केलं आणि हळू म्हणाल्या, "नूरभाई, हात काढा."

त्यानं हात काढला.

दुसरं कडवं त्यांनी काळी चारमध्येच घेतलं. वरच्या सुरापाशी आवाज फाटला. त्या तिथं थांबल्या, पेटी एकटीच तो सूर धरून राहिली, मग त्यांनी उरलेले शब्द खालून म्हटले आणि गाणं पूर्ण केलं. सिनेमात तिथं मैनेला हुंदका येतो. लोकांना तो अभिनय वाटला. उभं राहून टाळ्या वाजवल्या त्यांनी. मंदार रडत होता. बापाच्या आठवणीनं असेल, मी विचारलं नाही.

पडदा पडल्यावर आत गर्दी झाली, फोटो झाले, हार झाले. ती ओसरल्यावर शैलावहिनी मेकअपच्या आरशासमोर बसल्या होत्या. नूरमोहम्मद दाराशी उभा होता. आत यावं की नाही, असा. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, दोन घरं खाली घेतलं असतं तर लागला असता तो सूर."

"लागला असता," शैलावहिनी म्हणाल्या. त्यांनी एकेक करून केसातल्या पिना काढून टेबलावर ठेवल्या. "आणि घरी जाऊन मी सगळ्यांना सांगत बसले असते, की काळी चारमध्ये गायले."